फुल मारलं की तापतं

वेसाव्याच्या कमळला एका जागी बसवत नाही. चार बंगल्याच्या बाजारात बाकीच्या कोळणी पाटावर नीट मांडी ठोकून मासळी विकतात. कमळ एक पाय पाटावर, एक पाय बाहेर, अशी अर्धी उभीच असते. गिऱ्हाईक बोंबील निवडेपर्यंत ती मासळीवर पाणी मारते, बर्फ सरकवते, फोन बघते आणि शेजारच्या कुंदाला विचारते, "आपली बोट लागली असंल का गो?"

"लागली की समजंल. बस जरा," कुंदा म्हणते.

कमळ बसत नाही. घरीही तेच. भात शिजत असताना ती दारात जाऊन येते, परत येऊन झाकण उघडते, पुन्हा दारात जाते. गोराईहून लग्न होऊन आली तेव्हापासून सासरच्यांनी तिचा हा स्वभाव पाहिलाय आणि सोडून दिलाय.

नवरा बळवंत नेमका उलटा. स्वतःच्या बोटीवर स्वतःच तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा मुख्य. पण आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही. बोटीचं नाव 'आई हरबा'. त्यांची मासेमारी डोलीची. भर समुद्रात खांब रोवून त्यांना पिशवीसारखी जाळी बांधलेली असतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते, आणि पाणी पालटताना जरा वेळ थांबतं तेवढ्यात जाळं वर ओढायचं. तो वेळ चुकला की ओढ एवढी असते की जाळं हाताला येत नाही. म्हणून बोट वेळेवर पोहोचायला हवी, आणि बोट पोहोचते ती इंजिनाच्या जिवावर.

दिवाळीनंतर इंजिन तापायला लागलं.

पहिल्यांदा झालं तेव्हा बळवंतने ते जेवताना सहज सांगितलं. तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेला, रेस कमी केली, काटा उतरला. उशीर झाला, जाळं अर्धंच ओढलं.

"म्हणजे काय झाला?" कमळने विचारलं.

"तापला इंजन. कचरा अडकला असंल. काढू."

कचरा काढला. कोळीवाड्यातला अल्पेश मिस्त्री डिझेल इंजिनं उघडतच लहानाचा मोठा झालेला, हात चांगला, माणूस सरळ. त्याने समुद्राचं पाणी आत येतं तिथली जाळी साफ केली. दोन फेऱ्या बऱ्या गेल्या, तिसऱ्या फेरीला इंजिन पुन्हा तापलं. मग पंपातला रबरी पंखा बदलला. पुन्हा तापलं. मग थर्मोस्टॅट काढून पाहिला, कूलरच्या नळ्यांतला क्षार खरवडला, पट्टा ताणला, काटाच खोटं बोलत असेल म्हणून काटाही नवा बसवला. प्रत्येक वेळी अल्पेश जेटीला बोट बांधून तासभर इंजिन चालवायचा, काटा जागचा हलायचा नाही, आणि तो म्हणायचा, "झालं काका, आता घेऊन जा." एकदा तर तो स्वतः खाडीच्या तोंडापर्यंत बोटीबरोबर जाऊन आला. तेव्हाही काही झालं नाही.

कमळ जेटीवर उभी राहून हे सगळं बघायची. आतून काय बिघडलंय ते कळत नव्हतं, आणि कळत नसल्यामुळे तिला झोप नव्हती. बाजारातून उठून ती जेटीवर, जेटीवरून अल्पेशच्या गाळ्यात, तिथून घरी. गिऱ्हाइकांना सुट्टे परत करायला विसरायची. बोट खाडीत शिरताना इतर इंजिनांच्या आवाजातून 'आई हरबा'चा आवाज ती वेगळा काढायची आणि तो धडधडीत आला की मगच तिचे खांदे सैल व्हायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बळवंत म्हणायचा, "तू कशाला जीव काढतंस? हळू जायाचा, हळू यायाचा."

"हळू गेल्यावर जाळं मिळतं का?"

बळवंत ताट सरकवून हात धुवायला उठायचा.

मग मार्तंडचा हात भाजला.

मार्तंड हा कुंदाचा एकुलता एक मुलगा. कुंदाचा नवरा कधीकाळी एका वादळात बोटीसकट गेला, तो सापडलाच नाही. त्यानंतर कुंदाने पोराला समुद्रापासून लांब ठेवलं होतं. तो बारावी झाला, एका मॉलमध्ये काही वर्षं कपडे घड्या करत राहिला, आणि एक दिवस येऊन म्हणाला, मला बोटीवर जायचंय. कुंदा महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. शेवटी कमळनेच मध्ये पडून सांगितलं होतं, "माझ्या बोटीवर पाठव. बळवंतला तर तू वळखतंस. पोरासारखा ठेवील."

त्या दिवशी इंजिन पुन्हा तापलं, बंद केलं. बळवंत वर नांगर टाकत होता. मार्तंडला वाटलं, आत पाणी कमी पडलं असेल, ओतू या. त्याने इंजिनाच्या पाण्याच्या टाकीवर फडकं धरलं आणि झाकण फिरवलं. आतलं उकळतं पाणी फवाऱ्यासारखं उडालं. तोंड वाचलं, कारण तो बाजूला वाकला होता. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलला गेला.

बोट किनाऱ्याला लागली तेव्हा कमळ जेटीवरच होती. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, रिक्षा थांबवली, त्याला आत बसवलं आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्याचा दुसरा हात सोडला नाही. मार्तंड दात आवळून म्हणत होता, "काकी, आईला आता नका सांगू."

सांगावं लागलंच. कुंदा आली, तिने पट्टी बांधलेला हात पाहिला, डॉक्टरशी बोलली, पोराला घरी नेलं. कमळला एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात तिने आपला पाट उचलून पलीकडच्या रांगेत, सुक्या मासळीवाल्यांच्या बाजूला मांडला.

शेजारची जागा रिकामी. कमळ त्या रिकाम्या जागेकडे पाठ करून उभी राहिली. दिवसभर तिने फोन पाहिला नाही की कुणाला बोट लागली का ते विचारलं नाही. संध्याकाळी ती अल्पेशच्या गाळ्यात गेली.

"मना सांग, पाणी जातं कसं?"

अल्पेश दुसऱ्याच्या इंजिनात कोपरापर्यंत होता. तरी तो बाहेर आला, हात पुसले आणि जमिनीवर खडूने आकृती काढली. बोटीच्या तळाला भोक, तिथून पाइप, मग जाळी, मग पंप. पंप समुद्राचं पाणी ओढून कूलरमध्ये ढकलतो. कूलरमध्ये ते इंजिनाच्या आतल्या पाण्याला थंड करतं आणि बोटीच्या कुशीतून बाहेर पडतं.

"मग हे सगळं तू बघितला."

"सगळं बघितलं काकी. खोटं कशाला बोलू? इथे सगळं बरोबर चालतं."

"आनि तिथं तापतं."

"तिथं फुल मारतात ना. इथे बांधलेल्या बोटीवर मी फुल रेस देऊ शकत नाही, दोर तुटेल, बाजूच्या बोटी ठोकतील. गिअर न टाकता जरा रेस देऊन बघितली, तर काटा हलला नाही. मला त्या वेळेला इंजिनापाशी कुणीतरी हवं, नुसतं बघायला. पण तिथे दोनच माणसं. एक सुकाणूवर, एक जाळ्यावर. बघणार कोण?"

कमळ खडूच्या आकृतीकडे बघत राहिली. अल्पेश परत कामाला लागला तरी ती तिथेच.

मार्तंडचा हात हळूहळू भरत आला. नवी कातडी गुलाबी, ताणलेली. त्याला परत बोटीवर जायचं होतं. बळवंतने तोवर भाड्याचा खलाशी घेऊन हळूहळू फेऱ्या केल्या, अर्ध्याहून जास्त वेळा रिकामा आला. एका दुपारी कमळ बाजारात उठून पलीकडच्या रांगेत गेली आणि कुंदासमोर उभी राहिली.

"किती दिवस बोलनार नायस?"

कुंदाने मासळीवरचं फडकं सारखं केलं. मग वर न बघता म्हणाली, "तो परत जातो म्हनतंय. मी काय सांगू? तुला एवढी खात्री हाय ना तुझ्या बोटीची? मग तू चढ तिच्यावर. तू चढनार असशील तर पाठवते माझा पोर."

रागात बोललेलं होतं. आजूबाजूच्या दोघी हसल्यासुद्धा. वेसाव्याच्या बायका जत्रेला बोटीतून मढला जातात, सणाला बोटीची पूजा करतात. पण जाळ्यावर जाणं हे पुरुषांचं. कमळ हसली नाही.

"बरं," ती म्हणाली.

रात्री घरात वाद झाला. म्हणजे कमळ बोलली आणि बळवंत ऐकत राहिला. शेवटी तो म्हणाला, "लोकं काय बोलतील?"

"लोकं येतात का इंजन बघाया?"

"तुना बोट लागंल. वकशील."

"वकीन."

"आजवर कोन गेली का?"

"नसंल गेली."

बळवंत उठून ओट्यावर जाऊन बसला. आत येऊन झोपताना एवढंच म्हणाला, "पहाटंच्या पान्यावर निघायचा हाय. साडी आखूड नेस."

पहाटे जेटीवर मार्तंड आधीच उभा होता. त्याच्यामागे, दिव्याच्या खांबाला टेकून, कुंदा. दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कमळने काठावरून पाय उचलला आणि बोटीत टाकला. बाजूच्या बोटीवरच्या कुणीतरी खाकरलं. बळवंतने तिकडे न बघता इंजिन चालू केलं.

खाडीचं तोंड ओलांडेपर्यंत कमळ इंजिनाच्या खोपटात उकिडवी बसून होती, नजर काट्यावर. काटा शांत. बाहेर उजाडत होतं. लाटा मोठ्या झाल्या. ती दोनदा काठाला जाऊन ओकून आली, तोंड पुसून पुन्हा काट्यापाशी. आवाज एवढा की मार्तंडला ओरडून बोलावं लागत होतं. "काकी, जरा बाहेर बसा!" तिने मान हलवली.

बळवंतने फुल मारलं. बोट उचलल्यासारखी निघाली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग काटा हलला. अगदी हळू, जणू कुणी ढकलतंय. कमळ ओरडली, "चढतंय!"

बळवंतने वळून पाहिलं, रेस कमी करायला हात नेला, तेवढ्यात कमळला आकृती आठवली. पाणी बोटीच्या कुशीतून बाहेर पडतं. "थांबा!" ती म्हणाली आणि काठावर पालथी पडून खाली वाकली. मार्तंडने घाबरून तिचे पाय धरले. खालून फेस उसळत होता, डोळ्यात खारं पाणी जात होतं. तरी तिला दिसलं. जेटीवरून पाहिलं होतं तेव्हा मनगटाएवढी धार पडत होती. आता फुल वेगात ती बोटाएवढीही नव्हती. थेंब थेंब.

"पानीच येत नाय!"

इतक्यात काटा लाल रेषेपलीकडे गेला आणि रंग जळल्यासारखा वास आला. बळवंतने इंजिन बंद केलं.

एकदम शांतता. आणि ओहोटी. बोट आडवी झाली आणि पाण्याबरोबर वाहायला लागली. दक्षिणेला पुलाच्या कामासाठी समुद्रात ठोकलेले लोखंडी खांब दिसत होते. आधी लांब होते, मग तेवढे लांब राहिले नाहीत. बळवंतने नांगर टाकला. दोर सुटत गेला, सुटत गेला, नांगर चिखलात घसरत होता. मार्तंडने भाजलेल्या हाताने दोर धरला आणि कमळने त्याच्या मागून. खांबांवर चिकटलेले शिंपले दिसायला लागले तेव्हा दोराला हिसका बसला. नांगर रुतला. बोट फिरून उभी राहिली.

तिघंही दोर धरूनच बसले. मार्तंडचा श्वास मोठ्याने चालला होता.

मग बळवंत उठला, इंजिनापाशी गेला आणि सवयीने त्याचा हात टाकीच्या झाकणाकडे गेला. कमळने तो मनगटाला धरून मागे ओढला.

"पोराचा हात बघितला ना?"

बळवंतने हात काढून घेतला. थोडा हसलाही, ओशाळून.

"पानी आत येत नाय," कमळ म्हणाली. "येताना कुठंतरी अडतं. भोकापासून पंपापर्यंत काय काय हाय?"

"जाळी. ती कालच साफ केली. आनि पाइप. बाकी काय नाय."

"पाइप कुठं?"

"फळीखाली. डिझेलचे कॅन हायत त्याच्यावर."

कॅन हलवले, फळी उचलली. खाली अंधार, तेलकट पाणी, आणि जाडजूड काळा पाइप. चांगला, नवाकोरा, कुठे चीर नाही. बळवंत म्हणाला, "ह्यो तर मीच घातला पावसाळ्यात. बोटीतला सगळ्यात नवा."

इंजिन थोडं निवाल्यावर त्याने ते चालू केलं. हळू चालत होतं, काटा खाली, कुशीतून धार भरपूर. कमळने मोबाइलचा दिवा लावून फळीखाली धरला. पाइप गोल, टणक.

"आता फुल मारा."

"नांगरावर?"

"गिअर नका टाकू. नुसती रेस द्या."

बळवंतने रेस दिली. इंजिन किंचाळलं. कमळ पाइपाकडे बघत होती. आधी काही नाही. मग पाइपाची मधली बाजू आत ओढली गेली, आणि बघता बघता तो सबंध पाइप चपटा झाला, भाकरीसारखा. तिने बोटांनी दाबून पाहिलं. गरम, मऊ, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या.

"कमी करा!"

रेस उतरली आणि पाइप हळूच फुगून पुन्हा गोल झाला. निष्पाप.

"इकडं या. तुमी बघा."

मार्तंड रेसवर बसला, बळवंत फळीपाशी ओणवा झाला. वर, खाली. चपटा, गोल. त्याने तीनतीनदा करून पाहिलं. मग तो टाचांवर बसला आणि तोंडावरून हात फिरवला.

"ह्या पाइपात तार नाय," तो म्हणाला. "पानी ढकलायला चालतो, ओढायला नाय. गरम झाला की आतून दबतो. आनि आम्ही समदं जुनं सामान उघडत बसलो. नवा व्हता ना तो. नव्याकडं कोन बघतं?"

कमळला वाटलं होतं, सापडलं की आपण ओरडू, भांडू, पोराच्या हातावरून चार शब्द सुनावू. तसं काही झालं नाही. ती काठाला गेली आणि पुन्हा एकदा ओकली.

"आता हळू हळू घरी चला," तोंड धुऊन ती म्हणाली.

बळवंत मात्र हलला नव्हता. तो सूर्याकडे, पाण्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत कमळने त्याला घाईत पाहिला नव्हता, आज पाहिला. त्याने बोटीच्या तळाचा व्हॉल्व्ह बंद केला, क्लिपा सोडल्या, पाइप काढून मार्तंडच्या हातात दिला. खोपटात जाळ्याला तरंगते बोये बांधायची जाड तार होती. ती त्याने एका दांड्यावर घट्ट गुंडाळली, वेढ्याला वेढा, स्प्रिंगसारखी, दांडा काढून घेतला आणि ते वेटोळं पिळत पिळत पाइपात सरकवलं. हात कापले, त्याने लक्ष दिलं नाही. पाइप बसवला, क्लिपा आवळल्या, व्हॉल्व्ह उघडला.

"पानी थांबायला अजून वेळ हाय," तो म्हणाला. "गाठू."

"आनि परत तापला तर?"

"तू हायस ना बघाया."

नांगर उचलला. त्याने फुल मारलं. कमळ फळीपाशी पालथी, दिवा पाइपावर, तोंडाने सारखी सांगत होती, "गोल हाय... गोल हाय... काटा कुठं?" मार्तंड ओरडत होता, "जागेवर, काकी!" डोलीच्या खांबांवरची झेंडी दिसली तरी ती उठली नाही. इंजिन मंद झालं, बोट थांबली, तेव्हा बळवंतने तिला खांद्याला धरून बाहेर आणलं.

पाणी खरंच थांबलेलं होतं. मघाशी बोट ओढून नेणारा तो समुद्र तेलासारखा पडला होता. किनारा पार मागे, इमारती बोटाच्या पेराएवढ्या. कमळने आयुष्यभर बोंबील विकले. ते जाळ्यातून निघताना कधी पाहिले नव्हते. जाळ्याची पिशवी वर आली, गाठ सुटली आणि बोटीच्या फळ्यांवर सगळं ओतलं गेलं. अर्धपारदर्शक, गुलाबीसर, तोंडं उघडी, जिवंत. त्यात कोळंबी उड्या मारत होती. ती वाकून दोन्ही हातांनी मासळी चाळत राहिली. मग लगेच उठली आणि निवडायला लागली, कारण उभं राहून बघत बसणं तिला जमणारं नव्हतं. "लहान बाजूला टाक, मार्तंड. बरफ कुठं ठेवला?"

दुपारी बोट लागली. जेटीवर कुंदा होती. तिने आधी मुलाचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग कमळचा पांढराफटक चेहरा पाहिला.

"वकलीस ना?"

"सारखी."

संध्याकाळी अल्पेशने तो पाइप उभा चिरला. आतलं अस्तर सुटून पोपडे धरले होते. त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला, "मी बाहेरून दाबून बघितला होता, टणक लागला," म्हणाला, आणि तार घातलेला पाइप आणून दिला. त्यानंतर इंजिन तापलं नाही. कोळीवाड्यात चार दिवस बोलणं झालं. एकाने बळवंतला नाक्यावर विचारलं, "बायकोला खलाशी ठेवली म्हने?" बळवंत चहा पीत होता. "तुज्या बोटीचा पन इंजन आवाज करतंय," तो म्हणाला. "पाठवू?"

कमळ मात्र पुन्हा गेली नाही. तिची काळजी कमी झाली असंही नाही; आता ती नांगराच्या दोराबद्दल विचारते, व्हॉल्व्हबद्दल विचारते, अल्पेशचं डोकं खाते.

त्या फेरीनंतर दोन दिवसांनी कुंदाने पाट परत शेजारी आणून मांडला. सकाळची गर्दी ओसरल्यावर, कोयता धुता धुता, तिने विचारलं,

"तिथं कसा असतं गो? मार्तंडचे बाबा जायचे तिथं?"

कमळने सांगायला सुरुवात केली. ओहोटीची ओढ, लोखंडी खांब, मग ते थांबलेलं पाणी. समोर एक गिऱ्हाईक मांदेलीचा भाव विचारत होतं. "थांबा जरा," कमळ त्याला म्हणाली, आणि पाटावर बसली.

"आवाज नसतो का काय?" कुंदाने विचारलं.

"इंजन बंद केला की नसतो. पाण्याचा पन नाय. लांबवर सगळा मोकळा."

"थंडी?"

"वारा लागतं. पन ऊन चांगला असतं."

कुंदा ऐकत राहिली. कोयता तिच्या हातातच होता, त्यावरून पाणी गळत होतं.

"आजून सांग," ती म्हणाली.